‘स्कावर’ शब्दाचे मराठीकरण : एक परीक्षण

पारिभाषिक शब्द घडविताना परभाषेतील शब्दाकडे पाहावे की त्या शब्दाने दर्शविलेल्या क्रियेकडे, हा मराठी परिभाषेपुढील जुना प्रश्न आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून विपुल शब्द सिद्ध झाले; तथापि एका इंग्रजी शब्दास एकच मराठी प्रतिशब्द, हा संकेत कित्येकदा अर्थास घातक ठरतो. सागरी तेलव्यवसायातील ‘स्कावर’ हा शब्द त्याचे उदाहरण होय.

मुंबई हाय येथे १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. अशा उष्ण समुद्रात ‘स्कावर’ म्हणजे फलाटाच्या खांबांच्या बुडाशी प्रवाहाने गाळ उकरून नेणे. कॅनडाच्या न्यू फाउंडलंडनजीक हायबर्निया येथे १९९७ साली उत्पादन सुरू झाले. तेथील खोलीही सुमारे ८० मीटर, परंतु शब्दाचा अर्थ निराळा. हिमनगाचा सुमारे नऊदशांश भाग पाण्याखाली असतो. तो तळास टेकला की कित्येक किलोमीटर लांबीचे चर पडतात. पहिल्या क्रियेत गाळ कणाकणाने वाहून जातो, दुसरीत तो दोहों बाजूंस लोटला जातो.

दुसऱ्या क्रियेस ‘घर्षण’ म्हणावे, तर तो शब्द पदार्थविज्ञानाने आधीच व्यापलेला आहे. ‘ओरखडा’ म्हणावे, तर इजा केवळ पृष्ठभागाची असल्याचा भास होतो. वस्तुतः चराच्या तळाखालची मातीही दबते व सरकते. म्हणून नळ चराच्या खोलीच्या किंचित खाली पुरल्याने तो निर्धोक होत नाही. २००२ साली उत्पादन सुरू झालेल्या टेरा नोव्हा क्षेत्रात विहिरींची मुखे समुद्रतळात खोदलेल्या खड्ड्यांत बसविली, ती हिमनगांच्या भयामुळेच. शब्द उथळ असेल, तर धोक्याची कल्पनाही उथळ राहते.

यास्तव प्रवाहाच्या क्रियेस ‘धूप’ व हिमनगाच्या क्रियेस ‘हिमनांगरट’ असे दोन शब्द योजणे युक्त होय. फाळ जाऊन पडलेले तास आणि फाळाखाली दबून कठीण झालेली जमीन, या दोन्ही गोष्टी मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या परिचयाच्या आहेत. ‘नांगर’ हा शब्द जहाजाच्या नांगरासही लागतो, हा आक्षेप खरा. परंतु ‘नांगरट’ हे क्रियानाम शेतीपुरतेच रूढ आहे, आणि ‘हिम’ हे पूर्वपद उरलासुरला संशय फेडते.

इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले दोन अर्थ मराठीस वेगळे ठेवता येतात. ते तसे न ठेवणे हे भाषेचे दारिद्र्य नव्हे, परिभाषाकाराची अनवधानता होय.