उरलेल्या ब्लॉकेजचं काय?

टेक्सासातल्या फ्रिस्कोत मराठी घरं बरीच, आणि काही महिन्यांसाठी तिथे राहायला आलेले आईवडीलही बरेच. त्यांच्यापैकी कुणाला हार्ट अटॅक आला, बंद पडलेली नळी स्टेंट घालून रातोरात उघडली, की सकाळी घरात एकच प्रश्न असतो : बाकीच्या दोन ब्लॉकेजचं काय? लगेच का नाही केलं?

या प्रश्नाला दिलेलं सर्वांत देखणं उत्तर म्हणजे ‘कम्प्लीट’ हा अभ्यास. कॅनडातले डॉ. शमीर मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. ३१ देशांतले ४०४१ रुग्ण. अटॅकची नळी सगळ्यांचीच उघडलेली; पुढे निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांच्या उरलेल्या नळ्यांतही स्टेंट.

मला यात सर्वांत भावते ती ‘ब्लॉकेज’ कशाला म्हणायचं याची शिस्त. नळी ७० टक्के किंवा जास्त अरुंद असेल तर प्रश्न नाही. पण ५० ते ६९ टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात नजरेवर भिस्त ठेवलेली नाही. तिथे केसासारखी बारीक तार आत सरकवून अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायचा, गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली असेल तरच ती नळी करायची. नुसतं चित्र पाहून घाबरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा संयम शिकण्याजोगा आहे.

निकालही तसाच तोललेला. सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक हे औषधांच्या गटात १०.५ टक्क्यांना, सगळ्या नळ्या केलेल्यांत ७.८ टक्क्यांना. फायदा मुख्यतः नवे अटॅक टळण्याचा. मृत्यूंत लक्षणीय फरक नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलेलं. आणि घायकुतीला आलेल्या घरासाठी मोलाची गोष्ट : दुसरी अँजिओप्लास्टी त्याच मुक्कामात केली काय, घरी जाऊन ४५ दिवसांच्या आत केली काय, फायदा सारखाच दिसला.

अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. बायपास ठरलेले रुग्ण यात नव्हतेच. अटॅकबरोबर रक्तदाब कोसळून शॉक बसला असेल, तर आधी फक्त दोषी नळी उघडावी, हे २०१७च्या ‘कल्प्रिट-शॉक’ने दाखवलं. उलट, स्थिर रुग्णात सगळं एकाच बैठकीत करणंही चालतं, असं २०२३चा ‘मल्टीस्टार्स’ सांगतो. म्हणून ‘आत्ताच का नाही’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या रुग्णाच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आईवडिलांचं परतीचं तिकीट काढलेलं असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. दुसरा टप्पा इथे की पुण्यात, हे त्यांच्याशी बोलून ठरवा, अँजिओग्राफीची सीडी आणि रिपोर्ट मागून घ्या, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी प्रवासात एक दिवसही चुकू देऊ नका.