‘छापा’ आणि ‘शिक्षा’ : चर्चिल यांच्या मलाकंद-वृत्तांताची चिकित्सा

प्रास्ताविक :
वसाहतींच्या सरहद्दीवरील संघर्षाचा इतिहास बहुतांशी जेत्यांच्याच लेखणीतून उतरला आहे. विन्स्टन चर्चिल यांचे ‘द स्टोरी ऑफ द मलाकंद फील्ड फोर्स’ (१८९८) हे पहिले पुस्तक त्याचे ठळक उदाहरण होय. २६ जुलै १८९७ रोजी पठाण टोळ्यांनी मलाकंदच्या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला केला. पाठोपाठ चकदऱ्याच्या गढीला वेढा पडला. तो २ ऑगस्टला उठला. बंगळूरच्या पलटणीतील तरुण अधिकारी चर्चिल पुढे सर बिंडन ब्लड यांच्या फौजेबरोबर वार्ताहर म्हणून गेले. प्रस्तुत लेखात या पुस्तकातील सुरक्षिततेच्या कल्पनेची चिकित्सा करावयाची आहे.

कारणमीमांसेतील विसंगती :
उठावाचे मूळ चर्चिल प्रामुख्याने धर्मवेडात व मुल्लांच्या चिथावणीत शोधतात. स्वातमधील फकिराचा प्रभाव नाकारता येत नाही. परंतु घटनाक्रम निराळे सुचवितो. १८९३ मध्ये ड्युरंड रेषेचा करार झाला. १८९५ मध्ये चित्रळवर फौज जाताना, वाटेतील मुलूख कायमचा ताब्यात घेण्याचा हेतू नाही, असा जाहीरनामा सरकारने काढला. मोहीम संपली, रस्ता आणि मलाकंद व चकदरा येथील ठाणी मात्र राहिली. धर्माने असंतोषाला भाषा दिली, असंतोष निर्माण केला नाही, असे म्हणणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरते.

शब्दांमागील सत्ता :
टोळ्यांनी केला तर तो ‘छापा’, फौजेने गावे जाळली तर ती ‘शिक्षा’ : सरहद्दीच्या वाङ्मयातील ही विभागणी येथेही दिसते. चर्चिल यांचे वेगळेपण असे की, ते काही लपवीत नाहीत. केवळ दोषींचीच घरे पाडली जातात, या पार्लमेंटमधील सरकारी खुलाशाची ते थट्टा करतात. मात्र या स्पष्टपणाचा शेवट समर्थनात होतो. दरीतील प्रत्येक पुरुष लढवय्या आहे. शिवाय युद्धात माणूस मारणे न्याय्य असेल तर त्याची मालमत्ता नष्ट करणे अन्याय्य कसे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद तपासला पाहिजे. सारेच दोषी मानले की शिक्षेला मर्यादाच उरत नाही. ‘माय अर्ली लाइफ’ (१९३०) मध्ये चर्चिल यांनीच मामुंद दरीतील विध्वंसाची यादी दिली आहे : घरे, विहिरी, बुरूज, सावलीची झाडे, पिके, पाण्याचे साठे. झाड आणि विहीर बंदूक उचलीत नाहीत. त्यांच्या नाशाची झळ लढणाऱ्यांइतकीच, किंबहुना अधिक, न लढणाऱ्या स्त्रिया व मुले यांना बसते. चर्चिल यांच्या युक्तिवादात त्यांना स्थानच नाही.

समारोप :
हा प्रश्न एका पुस्तकापुरता नाही. सामूहिक जबाबदारीचे हेच तत्त्व १९०१ च्या सरहद्द गुन्हे नियमावलीत कायद्याचे रूप घेऊन आले. एका व्यक्तीच्या अपराधाबद्दल संपूर्ण टोळीला दंड करण्याची ही तरतूद साम्राज्य गेल्यावरही पाकिस्तानच्या टोळीप्रदेशात टिकली. २०१८ मध्ये ती व्यवस्था संपुष्टात आली. म्हणून असे वृत्तांत इतिहासाची साधने म्हणून शिकविताना ‘सुरक्षितता कोणाची?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे प्रथम ठेवणे अगत्याचे आहे. पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्य त्यामुळे उणावत नाही. त्याच्या साक्षीचे मोल मात्र नेमके ठरते.