निवडून येण्याजोगं आजारपण

डिसेंबर २०१२ ते मार्च २०१३ या चार महिन्यांत अमेरिकेच्या राजकारणात एक चर्चा रंगली होती. केंटकी राज्याचे सिनेटर मिच मॅकॉनेल २०१४ मध्ये पुन्हा निवडून येतील का, आणि अभिनेत्री अ‍ॅशली जड त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या तर काय होईल? जड यांनी उमेदवारी जाहीर केलेलीच नव्हती. २७ मार्च २०१३ रोजी कुटुंबाचं कारण देऊन आपण लढणार नसल्याचं त्यांनी ट्विटरवरून कळवलं आणि चर्चा तिथेच संपली. निवडणुकांच्या इतिहासात या प्रकरणाला एखाददुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळणार नाही. मला त्यात रस आहे तो एका पुस्तकामुळे. जड यांचं 'ऑल दॅट इज बिटर अँड स्वीट' हे आत्मकथन २०११ मध्ये आलं होतं. या चार महिन्यांत ते राजकारणातल्या लोकांनी बारकाईने वाचलं आणि एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत वाचलं: ही बाई निवडून येईल का? या वाचनाबद्दल मला लिहायचं आहे.

आधी त्या चर्चेचा हिशेब मांडू. पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेच्या डिसेंबर २०१२च्या पाहणीत मॅकॉनेल यांच्या कामावर समाधानी असलेले मतदार ३७ टक्के होते आणि असमाधानी ५५ टक्के. त्याच पाहणीत मॅकॉनेल विरुद्ध जड अशी काल्पनिक लढत ४७ विरुद्ध ४३ अशी निघाली. जड यांच्या पाठीराख्यांचा सगळा उत्साह या आकड्यांवर उभा होता. विरोधी बाजूचे मुद्देही कमी नव्हते. महिन्याभरापूर्वीच केंटकीने मिट रॉम्नी यांना ६० टक्क्यांहून जास्त मतं दिली होती. कोळसा हा तिथे अस्मितेचा विषय, आणि जड डोंगरमाथे उडवून कोळसा काढण्याच्या पद्धतीवर उघड टीका करत आलेल्या. शिवाय केंटकी विद्यापीठात शिकलेल्या आणि तिथल्या बास्केटबॉल संघासाठी जीव टाकणाऱ्या असल्या, तरी त्यांचं घर शेजारच्या टेनेसीत होतं. सिनेटर निवडून येताना त्या राज्याचा रहिवासी असला म्हणजे राज्यघटनेचं समाधान होतं. जाहिरातवाल्यांचं होत नाही. फेब्रुवारीत 'अमेरिकन क्रॉसरोड्स' या रिपब्लिकन प्रचारगटाने नेमकं टेनेसीवरच बोट ठेवून त्यांची खिल्ली उडवणारी चित्रफीत काढली. उमेदवारी नाही, पक्षाचं तिकीट नाही, पण विरोधी जाहिरात तयार.

मॅकॉनेल यांना जाहिरातीची ताकद पहिल्या निवडणुकीपासून ठाऊक होती. १९८४ मध्ये त्यांनी विद्यमान सिनेटर वॉल्टर हडल्स्टन यांना सुमारे पाच हजार मतांनी हरवलं, तेव्हा शिकारी कुत्रे घेऊन हडल्स्टन यांना शोधत फिरणाऱ्या माणसाची जाहिरात गाजली होती. सिनेटर मतदानाला गैरहजर राहतात आणि मानधन घेऊन भाषणं देत फिरतात, असा तिचा रोख. तेव्हा चर्चेच्या चौकटीत राहून मला विचाराल तर जड यांची शक्यता कमीच होती. काल्पनिक लढतीच्या पाहणीत एका बाजूला तीस वर्षं लोकांनी पाहिलेला माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला एक ओळखीचा चेहरा, ज्याच्यावर अजून कुणी पैसे खर्च करून चिखल टाकलेला नाही. चिखल पडला की आकडा बदलतो. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाने अ‍ॅलिसन लंडरगन ग्राइम्स या तरुण, स्थानिक, राज्यात पद सांभाळणाऱ्या 'सुरक्षित' उमेदवार दिल्या. निकाल लागला ५६.२ विरुद्ध ४०.७. म्हणजे सेलिब्रिटी नको, निवडून येईल असं कुणी द्या, या सल्ल्यानेही फारसं काही साधलं नाही.

आता पुस्तकाकडे येतो. २ फेब्रुवारी २०१३ रोजी मॅकॉनेल यांच्या लुइव्हिलमधल्या प्रचार कार्यालयात बैठक झाली. तिचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण ९ एप्रिलला 'मदर जोन्स'ने प्रसिद्ध केलं. मुद्रण चोरून केलेलं होतं, ही गोष्ट समर्थनीय नाही. बैठकीत विरोधकाची माहिती काढण्याचं काम चाललं होतं, ते सगळेच पक्ष करतात. हे मान्य करूनही ते संभाषण वाचताना मी थबकतो, कारण त्यात चाललेलं काम खरं तर पुस्तकवाचनाचं आहे. एक सहायक जड यांच्या आत्मकथनातला नैराश्याचा, आत्महत्येच्या विचारांचा, उपचारांचा भाग सांगतो आणि बाई मनाने अस्थिर आहेत असा निष्कर्ष काढतो. त्यांच्या धर्मविषयक विचारांवर खोलीत हशा पिकतो. आणि हा वाचक पुस्तक अचूकही वाचत नाही. तो उपचारांचा काळ नव्वदचं दशक सांगतो. पुस्तकातले उपचार २००६चे आहेत.

ही चूक किरकोळ वाटेल, पण तिच्यामुळे पुस्तकाचा कणाच निसटतो. २००६ मध्ये जड टेक्सासमधल्या एका उपचारकेंद्रात गेल्या त्या स्वतःसाठी नाही, तिथे उपचार घेणाऱ्या बहिणीला भेटायला. तिथल्या लोकांनी त्यांनाच विचारलं की तुमचं काय? तोवर एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामासाठी त्या आशिया-आफ्रिकेत, भारतातही, फिरल्या होत्या. वेश्यावस्त्यांतल्या, दवाखान्यांतल्या बायकांच्या कहाण्या ऐकून वहीत टिपत होत्या. पुस्तकाची रचना या दोन धाग्यांची आहे. दुसऱ्यांचं दुःख ऐकत फिरणाऱ्या, कामात यशस्वी असलेल्या बाईला आपलं बालपण उशिरा ऐकू येतं. ती कोसळलेली नव्हती, आणि म्हणूनच आजारी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. 'नव्वदच्या दशकात बिघडलेली नटी' असं त्याचं भाषांतर केलं की हे सगळं नाहीसं होतं.

पुस्तक निर्दोष नाही. ते लांबलं आहे. प्रवासाच्या प्रकरणांत तोच साचा परत परत येतो: एक वस्ती, एक बाई, तिची हकिकत, लेखिकेचे अश्रू. उपचारगटांची परिभाषा काही ठिकाणी इतकी दाट होते की अनुभवाच्या जागी नुसती संज्ञा हाती लागते. गरिबांच्या दारात उभ्या असलेल्या तारकेचं अवघडलेपण लेखिकेला जाणवतं, पण त्याच्याशी ती पुरेशी झुंजत नाही. हे समीक्षेचे मुद्दे आहेत आणि त्यांवर भांडता येईल. त्या चार महिन्यांत हे भांडण कुणी केलं नाही. पाठीराख्यांनीही नाही. त्यांचा युक्तिवाद असा की बाईंनी सगळं आधीच सांगून टाकलंय, आता विरोधकांना काढायला काही उरलं नाही. हाही पुस्तकाचा उपयोगच. एकाने ते आरोपपत्र म्हणून वाचलं, दुसऱ्याने आगाऊ जामीन म्हणून.

नटीचं आत्मकथन कसं वाचलं जातं, हे मराठी वाचकाला नवं नाही. हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' किती जणांनी साहित्य म्हणून वाचलं आणि किती जणांनी भानगडींसाठी, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. तिचे शब्द कागदावर उतरवले ते अरुण साधूंनी, म्हणजे पुढे 'सिंहासन' लिहिणाऱ्या लेखकाने. सांगणारीचा आवाज आणि सत्तेचा खेळ, दोन्ही ऐकू येणारा कान मात्र फार थोड्यांकडे असतो.

मॅकॉनेल यांनीही आत्मकथन लिहिलं आहे: 'द लाँग गेम', २०१६. त्यातही आजारपण आहे. १९४४ मध्ये, दोन वर्षांचे असताना त्यांना पोलिओ झाला. घर अलाबामात होतं. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे, जिथे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट उपचार घेत, आई त्यांना घेऊन जाई. तिथे शिकलेले व्यायाम तिने दोन वर्षं रोज करून घेतले आणि तेवढा काळ त्या पोराला चालू दिलं नाही. शेवटच्या भेटीनंतर परतताना लाग्रेंज गावातल्या दुकानात घेतलेले साधे बूट ही त्यांची पहिली आठवण. हा भाग चांगला आहे, आणि त्या आईबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पण तो पुस्तकात काय काम करतो ते पाहा. आजार आला, शिस्तीने घालवला, त्यातून चिकाटी मिळाली, चिकाटीतून सत्ता. शीर्षकातला 'लांबचा खेळ' तिथूनच सुरू होतो. इथे आजारपण ही पात्रता ठरते. बूट विकत घेतले की ते संपतं.

जड यांच्या पुस्तकात असा बुटांचा क्षण नाही. नैराश्य गेलं, आता मी बरी झाले, असं त्या म्हणत नाहीत. त्याच्यासोबत राहायची सवय लावावी लागते, असं म्हणतात. माझ्या मते दोन्ही वाचनांतला फरक इथे आहे. निवडून येण्याजोगं आजारपण पायाच्या आजारासारखं सांगावं लागतं: सुरुवात, मधला भाग, शेवट.

याचा पुरावा नऊ वर्षांनी मिळाला, आणि तोही उलट्या बाजूने. २०२२ मध्ये जॉर्जियात विद्यमान सिनेटर राफाएल वॉरनॉक यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाने फुटबॉलपटू हर्शेल वॉकर यांना उभं केलं. मनोविकाराशी झालेल्या आपल्या सामन्यावर वॉकर यांनी २००८ मध्येच 'ब्रेकिंग फ्री' हे पुस्तक लिहिलं होतं. विकार साधा नव्हता; एकाच माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं नांदतात असा. या वेळी मात्र त्यांच्या पक्षाला पुस्तकात अस्थिरता दिसली नाही, धैर्य दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये मॅकॉनेल यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. प्रचाराच्या काळात एका मुलाखतीत वॉकर यांनी आपल्या आजाराची तुलना मोडलेल्या पायाशी केली: प्लास्टर घातलं, हाड जुळलं, संपलं. पुन्हा पायच.

विरोधी बाजूचं वाचनही फार वेगळं नव्हतं. वॉकर यांच्या माजी पत्नीने त्यांच्यावर हिंसेचे गंभीर आरोप केले होते. त्या आरोपांबद्दल प्रश्न विचारणं योग्यच होतं, कारण तो वागण्याचा प्रश्न आहे. पण अनेकदा वागणं बाजूला राहून निदानावरच विनोद झाले. २०१३ मध्ये जड यांच्या बाजूने संतापलेल्यांपैकी सगळ्यांना ते खटकले असं दिसलं नाही. वॉकर फेरमतदानात ४८.६ विरुद्ध ५१.४ असे हरले. नोव्हेंबरच्या मूळ मतदानात त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर ब्रायन केम्प मात्र त्याच राज्यात आरामात जिंकले होते. या हरण्यात पुस्तकाचा वाटा किती, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

कुणी म्हणेल, हा व्यवहार आहे. लोक अशा माणसाला मत देत नाहीत त्याला रणनीतीवाले काय करणार? पण लोक खरंच देत नाहीत का? १९७२ मध्ये मिसूरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी अठरा दिवसांत सोडावी लागली, कारण नैराश्यासाठी त्यांनी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उघड झालं. त्यांनी ते पक्षापासून लपवलं होतं, हा दोष खराच. पण सगळं माहीत झाल्यावर मिसूरीच्या मतदारांनी त्यांना १९७४ मध्ये आणि १९८० मध्ये पुन्हा सिनेटवर पाठवलं. पेनसिल्व्हेनियाचे जॉन फेटरमन २०२२ मध्ये टीव्हीवरचे प्रसिद्ध डॉक्टर मेहमेत ऑझ यांना हरवून आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नैराश्यावरच्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यावर मतदारांचा कौल अजून व्हायचा आहे. ईगलटन यांचं उदाहरण एवढंच सांगतं की 'लोकांना चालणार नाही' हे वाक्य बहुतेक वेळा लोकांना न विचारता बोललं जातं.

हे वाक्य फक्त सिनेटपुरतं नाही, म्हणून मला ते टोचतं. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे समुपदेशकाकडे जाणारे सहकारी पुष्कळ आहेत. रजेच्या अर्जावर मात्र 'व्हायरल ताप' लिहिलं जातं. पाय मोडला तर प्लास्टरवर सगळी टीम सह्या करते. बढतीच्या वेळी कोण काय वाचेल याचा अंदाज प्रत्येकाने बांधलेला असतो, आणि त्या अंदाजानुसार प्रत्येक जण आपलं छोटंसं आत्मकथन संपादित करत असतो. लपवलं तर अप्रामाणिक, सांगितलं तर अस्थिर, हा पेच ईगलटन आणि जड यांच्यापुरता कधीच नव्हता.

सप्टेंबर २०२२च्या तोंडावर जड यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक लेख लिहिला. त्यांच्या आई, गायिका नेओमी जड, त्या वर्षी एप्रिलमध्ये मानसिक आजाराने गेल्या होत्या. त्या दिवशी पोलिसांनी नोंदवलेले कुटुंबीयांचे जबाब सार्वजनिक होऊ नयेत, अशी विनंती त्या लेखात होती. स्वतःबद्दल जाड पुस्तक लिहिलेल्या बाईने खासगीपणा मागावा, यात काहींना विसंगती वाटेल. मला वाटत नाही. आपण होऊन, आपल्या क्रमाने, आपल्या शब्दांत सांगितलेली गोष्ट वेगळी आणि कुणी फायलीतून उचललेले उतारे वेगळे. लुइव्हिलच्या त्या खोलीत पुस्तक होतं, पण वाचली जात होती ती फाईल. आत्मकथनावर कठोर समीक्षा जरूर व्हावी. जड यांच्या पुस्तकावरही व्हावी, मॅकॉनेल यांच्याही. तिच्यासाठी निदान उपचारांचं साल तरी पुस्तकात पाहून सांगावं लागतं.