‘सुसंगतता वाढली की सुरक्षा घटते’: हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी

सायबर सुरक्षेत पीएचडी करू इच्छिणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास भेटतं. ‘प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मेसेजिंग सेवा एकमेकींना जोडल्या की सुरक्षा कमी होते, म्हणून सुसंगतता आणि सुरक्षा यांच्यात समतोल साधणे गरजेचे आहे.’ बहुतेक वेळा ते पहिल्याच पानावर असतं, त्याला संदर्भ नसतो आणि त्यावर कुणी हरकतही घेत नाही. वाक्यच इतकं समजूतदार दिसतं की हरकत घेणाराच आगाऊ ठरावा.

माझी हरकत अशी आहे की या रूपात ते खरं की खोटं हे तपासताच येत नाही. ‘जोडल्या’ म्हणजे नेमकं कशा, ‘सुरक्षा’ म्हणजे कुणापासून आणि ‘कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत, यातलं काहीच ते सांगत नाही. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातलं भांडण समोर ठेवून त्याची उलटतपासणी करू.

आपल्याकडे हे भांडण जरा परकं वाटेल. घरच्या ग्रुपपासून सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारीपर्यंत आपलं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं आणि समोरच्याकडे कोणता फोन आहे याचा विचारही मनात येत नाही. अमेरिकेत मात्र फोनसोबत येणारं मेसेजचं ॲपच खूप लोक वापरतात. ॲपलने २०११ मध्ये आयओएस ५ सोबत आयमेसेज आणलं. आयफोनवरून आयफोनला गेलेला संदेश निळ्या फुग्यात दिसतो आणि त्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असतं. समोर अँड्रॉइड असेल तर, निदान २०२४ पर्यंत, तोच संदेश साधा एसएमएस किंवा एमएमएस होऊन हिरव्या फुग्यात जायचा. या रंगांवर, त्यावरून शाळकरी मुलं एकमेकांना कशी चिडवतात यावर, भरपूर लिहून झालंय. आपल्याला रंगाशी देणंघेणं नाही. हिरव्या फुग्यातला मजकूर मोबाइल कंपनीला वाचता येतो आणि त्या कंपनीच्या यंत्रणेत जो घुसेल त्यालाही, हा आपला मुद्दा. ही भीती हवेतली नाही. ‘सॉल्ट टायफून’ हा चीनशी जोडला जाणारा हॅकरांचा गट अमेरिकी दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यात शिरल्याचं उघड झाल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणांनीच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरा असा सल्ला दिला.

आता ‘जोडल्या’ हा शब्द घ्या. २०२३ च्या शेवटी तीन आठवड्यांच्या आत अँड्रॉइडवर आयमेसेज आणण्याचे दोन प्रयत्न झाले. बातम्यांमध्ये दोन्ही एकाच मापाने मोजले गेले, पण आतली रचना पूर्ण वेगळी होती.

पहिला नोव्हेंबरातला, ‘नथिंग चॅट्स’. यामागे ‘सनबर्ड’ नावाची सेवा होती. तुम्ही आपला ॲपल आयडी त्यांच्याकडे द्यायचा, त्यांच्याकडच्या मॅक संगणकावर लॉगिन व्हायचं आणि तिथून तुमचे संदेश तुमच्या अँड्रॉइडवर यायचे. म्हणजे मधल्या संगणकावर संदेश उघडणारच. कंपनी एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा दावा करत होती, पण स्वतंत्रपणे तपासणाऱ्यांना एका दिवसात दिसलं की संदेश उघड्या मजकुरात साठवले जात आहेत आणि बाहेरच्यांना ते मिळवता येतात. ॲप प्ले स्टोअरवरून लगेच काढावं लागलं.

दुसरा ५ डिसेंबरचा, ‘बीपर मिनी’. इथे मधे मॅक नव्हता. आयमेसेजचा प्रोटोकॉल उलगडून, म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग करून, अँड्रॉइड फोन थेट ॲपलच्या सर्व्हरशी बोलत होता. किल्ल्या फोनवरच तयार होत होत्या आणि एन्क्रिप्शनही फोनवरच होत होतं. तीनच दिवसांत ॲपलने ते बंद पाडलं. पुढे काही दिवस हे चालू-बंद चालू-बंद असं सुरू राहिलं.

बंद करताना ॲपलने दिलेलं निवेदन एखादा पेपर वाचावा तसं वाचण्यासारखं आहे. आशय असा: खोट्या ओळखपत्रांचा वापर करून आयमेसेजमध्ये शिरण्याच्या युक्त्या आम्ही रोखल्या, या युक्त्यांमुळे सुरक्षा आणि खासगीपणा धोक्यात येतो, मेटाडेटा उघडा पडू शकतो, नको असलेले संदेश, स्पॅम, फिशिंग वाढू शकतं. बघा, यात काय नाही ते. ‘एन्क्रिप्शन तुटलं’ असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे ‘सुरक्षा’ या एका शब्दाखाली इथे मेटाडेटा आणि नको असलेला पाहुणा अशा दोन गोष्टी आहेत, आणि संदेशाच्या मजकुराची गुप्तता ही तिसरी गोष्ट त्यात नाहीच. मेटाडेटाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. संदेश आल्याची सूचना फोनपर्यंत पोचवायला बीपरचा स्वतःचा सर्व्हर लागत होता, त्यामुळे मजकूर नाही तरी संदेश कधी आला एवढं तिथे कळू शकत होतं. पण दुसरं पारडंही बघायला हवं. बीपर बंद झाल्यावर तेच दोघं जण पुन्हा एसएमएसवर गेले. तिथे मजकूरही उघडा आणि मेटाडेटाही. ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न निवेदनात नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तो असायला हवा, परीक्षक विचारणारच.

मग नवशिके संशोधक एक उडी मारतात: ‘ॲपलचा हेतू व्यापारी होता, म्हणून सुरक्षेचा दावा खोटा.’ हेतूचे पुरावे आहेत. २०२१ च्या एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात कंपनीचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. अँड्रॉइडवर आयमेसेज दिलं तर आयफोन वापरणारी कुटुंबं मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, अशी धास्ती त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्पष्ट लिहिली आहे. धोरणाच्या अभ्यासकासाठी हे सोनं आहे. पण हेतूवरून दाव्याचा निकाल लागत नाही. दुकानदार स्वतःचा माल खपावा म्हणून शेजारचं दूध नासलंय म्हणाला, तरी दूध चाखूनच बघावं लागतं.

चाखून बघणं कसं असतं याचा माझ्या मते उत्तम नमुना म्हणजे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गार्मन, ग्रीन, कॅप्चुक, मायर्स आणि रशानन यांचा आयमेसेजवरचा २०१६ चा पेपर, युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेतला. क्रिप्टोग्राफीची भीती वाटत असेल तरी वाचा.

त्यांनी दाखवलेली चूक थोडक्यात अशी. आयमेसेज संदेश एन्क्रिप्ट करत होतं, पण एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरात कुणी फेरफार केला तर ते ओळखायची पुरेशी सोय नव्हती. पाठवणाऱ्याची डिजिटल सही होती, पण ती बाहेरून चिकटवलेली. हल्लेखोराने ती सोलून काढायची, आतल्या मजकुराचे काही बिट बदलायचे आणि स्वतःच्या खात्याची सही लावून संदेश पुन्हा त्याच माणसाला पाठवायचा. समोरचा फोन तो निमूटपणे उघडायला जातो. संदेशात फोटोसारखी जोडणी असेल तर ती कुठून उतरवायची तो पत्ता आणि तिची किल्ली दोन्ही संदेशातच असतात. पत्त्यात असा फेरफार करायचा की फोन हल्लेखोराच्या सर्व्हरकडे यावा. फोन आला तर बदललेला संदेश नीट उघडला, नाही आला तर नाही. दर वेळी एवढंच ‘हो’ किंवा ‘नाही’ हाती लागतं. पण असे सुमारे २ चा १८वा घात, म्हणजे अडीच लाखांहून जास्त संदेश पाठवले की किल्ली हळूहळू हाती येते. हे संदेश फोनच्या पडद्यावर दिसतही नाहीत. ॲपलने मार्च २०१६ मध्ये आयओएस ९.३ मध्ये दुरुस्त्या केल्या.

आपल्या वादाशी याचा संबंध असा की त्या वेळी आयमेसेज पूर्णपणे बंदिस्त होतं, कुणाशीही जोडलेलं नव्हतं. दोष जोडणीतून आला नाही. घरच्याघरी बनवलेल्या, बाहेरच्या तज्ज्ञांनी न तपासलेल्या प्रोटोकॉलमधून आला. याचा अर्थ ‘बंदिस्त म्हणजे असुरक्षित’ असाही नाही. लेखक स्वतःच सांगतात की हल्ल्यासाठी आधी एन्क्रिप्ट केलेला संदेश हाती लागायला हवा, म्हणजे सर्व्हरपर्यंत किंवा मधल्या वाहतुकीपर्यंत पोच हवी. शेजारच्या बाकावरच्या मुलाला हे जमणार नाही. आपला हल्लेखोर कोण आणि त्याच्या हाती काय आहे हे त्यांनी आधी मांडलं, म्हणून त्यांचा निष्कर्ष तपासता येतो.

आता दुसऱ्या बाजूचं कागदपत्र. २१ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलवर मक्तेदारीचा दावा दाखल केला. त्यातला एक मुद्दा असा की अँड्रॉइडशी बोलताना आयफोनवाल्यांनाच ॲपल कमी सुरक्षित ठेवतं. आधार पटणारा आहे, पण तो वाचून ‘जोडलं की सुरक्षित’ असा उलटा समज करून घेऊ नका. एसएमएसची जागा घेणारं आरसीएस हे मानक त्या वेळी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन देतच नव्हतं. गुगलने २०२१ पासून आपल्या मेसेजेस ॲपमध्ये ते दिलं होतं, पण तो मानकावर चढवलेला गुगलचा स्वतःचा थर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत आयफोनवर आरसीएस आलं. फोटो स्वच्छ दिसू लागले, समोरचा टाइप करतोय हे कळू लागलं, पण आयफोन आणि अँड्रॉइडमधले संदेश तरीही एंड-टू-एंड एन्क्रिप्ट झाले नाहीत. म्हणजे सुसंगतता वाढली आणि मजकुराची गुप्तता जवळपास होती तिथेच राहिली. सुरुवातीचं वाक्य या प्रसंगाबद्दल काहीच सांगू शकत नाही.

मार्च २०२५ मध्ये जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने आरसीएसच्या मानकात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या अपडेटमध्ये ते देऊ असं ॲपलने सांगितलं. त्याचा पाया एमएलएस हा प्रोटोकॉल, जुलै २०२३ चा आरएफसी ९४२०. तो अनेक वर्षं उघड्यावर घडला आणि बाहेरच्या संशोधकांनी त्याचं विश्लेषण केलं. सनबर्डची जोडणी, बीपरची जोडणी आणि ही जोडणी, तिघींना एकच शब्द पुरत नाही हे आता दिसलं असेल.

मग खरा पेच कुठे आहे? माझ्या मते किल्ल्यांच्या वहीत. तुम्ही मला पहिला संदेश पाठवता तेव्हा ‘या नंबरची सार्वजनिक किल्ली कोणती’ हे तुमचा फोन कुठल्यातरी सर्व्हरला विचारतो. त्या सर्व्हरने माझ्या किल्लीसोबत आणखी एक किल्ली गुपचूप दिली, तर एन्क्रिप्शन कितीही भक्कम असो, तिसरा माणूस वाचत बसतो. क्वार्क्सलॅबच्या संशोधकांनी आयमेसेजबद्दल हे २०१३ मध्येच दाखवलं होतं. ही वही तपासता यावी यासाठी २०१५ च्या कोनिक्स या पेपरपासून ‘की ट्रान्स्परन्सी’ची संशोधनशाखा वाढली. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये अशी सोय आणली, त्याच वर्षी डिसेंबरात आयओएस १७.२ मध्ये ॲपलनेही. पण या सोयी आपापल्या घरापुरत्या आहेत. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या आणि मधे मोबाइल कंपनी असताना वही कुणाची, तिच्यावर लक्ष कुणाचं, आणि एकीने खोटी नोंद केली तर दुसरीच्या ग्राहकाला कसं कळणार? एमएलएस हा प्रश्न मुद्दामच स्वतःच्या बाहेर ठेवतं. ओळख पटवणारी एक सेवा आहे असं ते गृहीत धरतं आणि पुढे जातं. प्रोटोकॉल म्हणून ते योग्यच आहे, पण संशोधकाने त्या गृहीतावर बोट ठेवायला हवं. तुम्ही ज्याला ‘रिसर्च गॅप’ म्हणता तो इथे आहे.

ॲपलच्या निवेदनातला स्पॅमचा मुद्दाही मी सोडून देणार नाही, कारण त्याची चव आपण घेतलेली आहे. २०२२ मध्ये भारतात आरसीएसवरून कर्ज-विम्याच्या जाहिरातींचा इतका मारा झाला की गुगलला इथल्या प्रचारकी संदेशांना काही काळ थांबवावं लागलं. दार उघडलं की पाहुण्यांसोबत फेरीवालेही येतात. शिवाय एन्क्रिप्शन असताना ‘हा संदेश यानेच पाठवला’ अशी तक्रार दुसऱ्या कंपनीकडे पुराव्यानिशी कशी करायची? एकाच कंपनीच्या आत यासाठी ‘मेसेज फ्रँकिंग’ नावाचं तंत्र आहे. दोन कंपन्यांच्या मधे पुराव्याची पडताळणी कुणी करायची हे पुन्हा विश्वासावर येतं. सुसंगतता आणि सुरक्षा यांच्यातला ताण इथे खरोखर आहे, आणि तो मोजता येण्याजोगा आहे.

तेव्हा सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडा आणि असं काहीतरी लिहून बघा: ‘दोन स्वतंत्र कंपन्या किल्ल्यांच्या आपापल्या वह्या ठेवत असतील आणि त्यातली एक अप्रामाणिक असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या वापरकर्त्याला खोटी किल्ली किती वेळात आणि किती खर्चात ओळखता येईल?’ लांबलचक आहे, मान्य. पण यात हल्लेखोर आहे, तुलना आहे, मोजायचं काय तेही आहे.

वाचायला सुरुवात करताना थेट आरएफसी ९४२० उघडू नका, किल्ल्यांच्या झाडातच अडकाल. आधी एप्रिल २०२५ चा आरएफसी ९७५०, एमएलएसच्या रचनेवरचा, घ्या. त्यात ओळख पटवणाऱ्या सेवेबद्दलचा भाग पेन्सिल हातात धरून वाचा. मग सेवा-सेवांमधल्या मेसेजिंगवर काम करणाऱ्या आयईटीएफच्या ‘मिमी’ गटाचे मसुदे बघा. ते सगळ्यांना खुले आहेत, आणि कुठे काय ठरायचं राहिलंय हे त्यात जागोजागी लिहिलेलं सापडेल.