नारळीकरांचा सिद्धांत आणि माझी वही

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यानंतर मी वाचलेल्या मराठी लेखांत एक वाक्य हटकून भेटले : त्यांनी महास्फोटाच्या सिद्धांताला आव्हान दिले. त्या आव्हानाचे पुढे काय झाले, हे क्वचितच कुणी लिहिले. हा काही त्यांचा सन्मान नव्हे.

१९६४ साली फ्रेड हॉईल आणि त्यांचा हा पंचविशीतला शिष्य यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे वस्तुमान तिचे एकटीचे नसते, विश्वातल्या इतर सर्व कणांच्या प्रभावातून ते ठरते, या माखच्या कल्पनेला त्यांनी गणित दिले. सगळे विश्व रिकामे केले तर उरलेल्या एकट्या कणाला वस्तुमानच राहणार नाही. ही कल्पना मला आजही भुरळ घालते.

पण या मांडणीत निम्मा प्रभाव भूतकाळातून येतो आणि निम्मा भविष्यातून. प्रसरण पावणाऱ्या विश्वात हा भविष्याकडचा वाटा अनंत होतो, असे तरुण स्टीफन हॉकिंगने १९६५ साली दाखवले. त्याच वर्षी पेन्झियास व विल्सन यांचे पार्श्वप्रारणाचे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

१९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर नवी आवृत्ती घेऊन आले. प्रचंड वस्तुमानाच्या पिंडांजवळ लहान लहान स्फोटांतून पदार्थ जन्मतो, बाहेर फेकला जातो, त्यातून दीर्घिका घडतात. आणि विश्व सुमारे ५० अब्ज वर्षांच्या आवर्तनांत फुगते-आकसते. मग पार्श्वप्रारण कुठले? तर ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या मिलिमीटरभर सुयांनी शोषून पुन्हा सोडलेला! इथे माझे मन मागे सरते. कृष्णद्रव्य हेही ठिगळच, असे कुणी म्हणेल, आणि १९८३ साली मिलग्रोमने त्यावाचून दीर्घिकांचे फिरणे समजावले, हेही खरे. पण डब्ल्यूमॅपने २००३ साली दाखवलेला प्रारणातल्या चढउतारांचा नमुना कृष्णद्रव्याच्या हिशेबात बसतो. सुयांमधून तो ओढून काढावा लागतो.

हे लिहिणारा मी पावण्याचा. एमआयडीसीत रात्रपाळ्या करत शिकलो. इथल्या दिव्यांत आकाशगंगा दिसत नाही, ती पुस्तकातच पाहिली. अकरा वर्षे माझीही एक वही होती : गुरुत्व म्हणजे दीर्घिकांच्या भोवऱ्याचा ताण, वगैरे. एका व्याख्यानानंतर ती एका प्राध्यापकांपुढे धरली. त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या हिशेबाने चंद्र दरवर्षी किती सेंटिमीटर लांब जातो?" मला उत्तर देता आले नाही.

हॉईल-नारळीकरांच्या पुढच्या मांडणीत गुरुत्वस्थिरांक काळानुसार घटतो. अपोलोने चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हा दावा तपासता आला, आणि मोजमापाने अशा घटीला फारच थोडी जागा ठेवली. म्हणजे त्यांचे उत्तर चुकू तरी शकत होते. आम्हा हौशी मंडळींना त्यांचे बंड आवडते. त्यामागचे आकडे कुणी उतरवून घेत नाही. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो, हे मी त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पुढची पाने तेव्हापासून त्या आकड्याशी जुळलेली नाहीत.