नकाशा देशाचा, कॅमेरा शहराचा

नर्मदेकाठच्या धडगावकडच्या एका तरुणाने मागे एका परदेशी निधीचा अर्ज माझ्याकडे पाहायला आणला होता. माहितीपटाला पैसे देणारा निधी. कथासार, दिग्दर्शकाची भूमिका, अंदाजपत्रक, पाच मिनिटांची नमुनाफीत, सगळे इंग्रजीत. बरेचसे त्याने कोणाकोणाकडून भरून घेतले होते. एक रकाना मात्र कोरा होता : हा चित्रपट तुम्हीच का करावा? कोरा का ठेवलास, असे विचारले तर म्हणाला, ‘‘सर, यात काय लिहायचं? मी तिथलाच आहे ना.’’

त्याचे म्हणणे बरोबर होते आणि तेवढ्याने भागणार नव्हते. शहरातला दिग्दर्शक हाच रकाना दीड पान भरतो. नर्मदेकाठी पहिल्यांदा कसा गेलो, लोक आधी कसे बुजले, मग कोणी भाकरी कशी वाढली. माहितीपटाच्या जगात त्याला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात आणि तो मिळवल्याचे दाखवावे लागते. जो तिथेच जन्मला त्याने काही मिळवलेलेच नसते. मग तो दाखवणार काय?

बरे, नर्मदेचे ते खोरे काही अदृश्य नाही. सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्याच्या काळात नर्मदेवर जितके माहितीपट झाले तितके देशातल्या फार थोड्या मुलखांवर झाले असतील. कॅनडात राहणाऱ्या अली काझिमींचा ‘नर्मदा : अ व्हॅली रायझेस’, आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५), ब्रिटनच्या फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘ड्राउन्ड आउट’, दिल्लीच्या संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’. टोरांटो, मुंबई, लंडन, दिल्ली. चांगले, काही तर फार चांगले चित्रपट. पण तिथली पावरी बोली बोलणारा दिग्दर्शक या यादीत नाही. पडद्यावर भरपूर दिसणारा आणि कॅमेऱ्यामागे कधीच न गेलेला असा हा मुलूख आहे. ‘अपुरे प्रतिनिधित्व असलेला प्रदेश’ हे शब्द आता प्रत्येक निधीच्या पत्रकात असतात. त्यांचा अर्थ लावताना मला आधी धडगाव आठवते.

निधी देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा नकाशा मात्र वेगळा असतो. तो देशांचा नकाशा. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८चा. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाने १९९८मध्ये काढलेला निधी आज इडफा बर्था फंड म्हणून ओळखला जातो. जॉर्ज सोरोस यांच्या ओपन सोसायटीने १९९६मध्ये सुरू केलेला माहितीपट निधी २००२मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स या संस्थेकडे गेला. यांतल्या युरोपीय निधींची मांडणी सरळ आहे : आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथल्या दिग्दर्शकांना घरात पैसा मिळत नाही, तो आपण थोडाफार द्यावा. त्या हिशेबात भारत हा एक रकाना. अंधेरीत राहणारा, चित्रपटाचे शिक्षण घेतलेला, इंग्रजीत सहज पिच करणारा दिग्दर्शक आणि तोरणमाळच्या उतारावरचा पोरगा हे दोघे अ‍ॅमस्टरडॅमहून पाहिले तर शेजारी दिसतात.

यातून जे निघाले ते मोठे आहे, हे आधी कबूल करायला हवे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशी निधी, लॅब आणि पिचिंग फोरम यांच्या आधाराने भारतीय माहितीपटाने जी झेप घेतली ती याआधी घेतली नव्हती. पायल कपाडियांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला २०२१मध्ये कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला; पुढच्याच वर्षी तोच पुरस्कार शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ने घेतला आणि त्याआधी सनडान्स महोत्सवही जिंकला. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. सरकारी निवेदकाच्या घोगऱ्या आवाजात वाढलेल्या माझ्या पिढीला हे स्वप्नवत वाटते.

तरीही लागोपाठ आठ-दहा चित्रपट पाहिले की एक चाल कानाला लागते. दीड तासाची लांबी, निवेदन नाही, दोन-तीन पात्रे, त्यांच्या आयुष्यात येणारे वळण, मधे संथ निसर्ग किंवा धुरकट शहर, शेवटाला मोकळे सोडलेले प्रश्न. ही चाल वाईट नाही. ती जन्मते मात्र अर्जात. चित्रपट व्हायच्या आधी तो सात मिनिटांत सांगता यावा लागतो. पात्र कोण, त्याला काय हवे आहे, आड काय येते, हे परक्या भाषेतल्या परक्या माणसाला पटावे लागते. ज्या विषयात ‘पात्र’च नाही, नुसता समूह आहे, त्याचे काय? पाड्यावरची पंचायत, डोंगऱ्या देवाचा उत्सव, ऊसतोडीला निघालेली टोळी यांत एक नायक शोधायचा म्हणजे गोष्टच बदलायची. नमुनाफितीचा घोळ तर जगजाहीर आहे. पैसे मिळावेत म्हणून ती करायची, आणि ती करायला पैसे लागतात.

‘रायटिंग विथ फायर’चे प्रकरण इथे आठवावे. बुंदेलखंडात दलित स्त्रियांनी चालवलेल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेवरचा हा चित्रपट जगभर गाजला. ऑस्कर सोहळ्याच्या तोंडावर, मार्च २०२२मध्ये, ‘खबर लहरिया’नेच जाहीर निवेदन काढले : चित्रपट हलवून टाकणारा आहे, पण आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागावर असलेली संस्था आहोत असे त्यातून दिसते आणि ते खरे नाही. दिग्दर्शकांची बाजू इथे कमजोर होती असे मी म्हणणार नाही. संकलन म्हणजे निवडच. पण ज्या बायका रोज कॅमेरा घेऊन बातमी करतात, त्यांच्याकडेही स्वतःबद्दलच्या चित्रपटाचे संकलन नव्हते. ते कोणाच्या हाती असावे, हे विचारणारा रकाना अजून कोणत्याच अर्जात माझ्या पाहण्यात आलेला नाही.

बाहेरच्याने करूच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ मुंबईतल्या दोन कोळी मित्रांवर आहे. एक बापजाद्यांच्या पद्धतीने काठाजवळ मासेमारी करणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा, एलईडी दिव्यांच्या मोहात सापडलेला. २०२३मध्ये सनडान्सने त्याला खास परीक्षक पुरस्कार दिला. त्यातली कोळी बोली, बाळाचे बारसे, जाळ्यात येणारा प्लास्टिकचा कचरा हे सारे इतके आतून आले आहे की दिग्दर्शिका कोळी नाही हे विसरायला होते. गडचिरोलीतल्या शरणागत नक्षलवादी जोडप्यावरचा ‘अ रायफल अँड अ बॅग’ (२०२०) तीन देशांतून आलेल्या तीन दिग्दर्शिकांनी केला आणि त्यात कुठेही घाई नाही. माझी तक्रार या चित्रपटांविषयी नाही. गडचिरोलीवरच्या चित्रपटाला रोमानिया आणि इटलीतून सहनिर्माते मिळतात नि गडचिरोलीतून दिग्दर्शक निघत नाही, या हिशेबाविषयी आहे.

देशातल्या छोट्या पैशाने काय होते ते ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ सांगतो. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा हा चित्रपट २०१६मध्ये कानला गेला आणि तिथे त्याचा विशेष उल्लेख झाला. विषय आपल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजचा : गंजलेले ट्रक, फाटके तंबू, पडद्यासमोर मातीत बसलेली पोरे. पण त्याच्या खूप आधी शर्ली अब्राहम यांना बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने या फिरत्या सिनेमांच्या नुसत्या संशोधनासाठी अनुदान दिले होते. जत्रेमागून जत्रा फिरा, माणसे बघा, चित्रपट होईल न होईल. असा पैसा आकड्याने लहान असतो. तो वेळ विकत घेऊन देतो, आणि माहितीपटाला सगळ्यात महाग वेळच पडतो.

घरातल्या विहिरी मात्र एकेक आटत गेल्या. १९४८ची फिल्म्स डिव्हिजन. तिचे चित्रपट चित्रगृहांना सक्तीने दाखवावे लागत, वर त्याचे भाडेही द्यावे लागे. लोक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचे. पण त्याच खात्यातून सुखदेव आणि एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारखे बंडखोर निघाले, आणि पुढे ओडिशाच्या लिपिका सिंग दराई यांनाही तिथे काम करता आले. लिपिका हो आदिवासी समाजातल्या. दिल्लीच्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने २०००पासून दूरदर्शनच्या सोबतीने शेकडो माहितीपट उभे केले, त्यांतही पहिलटकर पुष्कळ होते. दूरदर्शनचा तो ओघ गेल्या दशकात आटला. फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. सरकारी पैसा सरकारी असतो, त्याला बोचणारे विषय चालत नाहीत, हे खरेच. पण तो अ‍ॅमस्टरडॅमपेक्षा भुवनेश्वरला जवळचा होता.

आणि परदेशी पैसा घ्यायचा म्हटले तरी वाट सोपी कुठे आहे? परकीय योगदान नियमन कायदा, २०१०, यातले कलम ३ वृत्त किंवा चालू घडामोडींचे दृक्‌श्राव्य कार्यक्रम करणाऱ्यांना परदेशी देणगी घेऊ देत नाही. शेतकरी आत्महत्यांवरचा माहितीपट चालू घडामोडींत मोडतो की नाही? ज्याच्यापाशी वकील आहे तो उत्तर शोधतो. २०२०च्या दुरुस्तीने संस्थांना मिळालेली परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देणेही बंद केले, म्हणजे मोठ्या शहरातल्या संस्थेने पैसा आणून तालुक्यातल्या संस्थेला वाटावा ही वाटही गेली. शहरातले निर्माते कंपनी काढून व्यावसायिक कराराच्या मार्गाने जातात. धडगावच्या पोराने खासगी मर्यादित कंपनी काढायची?

पैशाचे दुसरे मार्ग होते आणि आहेत. आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या रमाबाई नगरात दलितांवर झालेल्या १९९७च्या पोलीस गोळीबारापासून चौदा वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा केला, बराचसा आपल्याच आधीच्या चित्रपटांच्या कमाईवर. पण पटवर्धन एकच असतो. रांचीत मेघनाथ आणि बिजू टोप्पो यांनी ‘अखडा’ या गटातून खाणी, विस्थापन, आदिवासी भाषा यांवर वर्षानुवर्षे चित्रपट केले. बिजू स्वतः उरांव आदिवासी, आणि त्यांच्या कामाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. युरोपातल्या पिचिंगच्या वर्तुळात त्यांचे नाव क्वचित येते. केरळ सरकारचे चित्रपट महामंडळ स्त्री दिग्दर्शकांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या दिग्दर्शकांना दीड कोटीपर्यंतचा निर्मितीखर्च देते. ते कथापटांसाठी आहे, पण कॅमेऱ्यामागे कोण, हा प्रश्न तिथे आधी विचारला जातो. आपल्याकडे मराठी कथापटाला अनुदान मिळते ते चित्रपट पुरा झाल्यावर, दर्जा ठरवून. तोवर ज्याच्याकडे पैसा आहे तोच तगतो.

आणि ‘युगांतर’. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींचा हा गट १९८०मध्ये उभा राहिला. पुण्यातल्या घरकामगार बायकांसोबत त्यांनी ‘मोलकरीण’ केला, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांसोबत ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. ‘सोबत’ हा शब्द इथे शोभेचा नाही. काय दाखवायचे, संपाचा प्रसंग कसा उभा करायचा, हे बायका ठरवत. मग तोच चित्रपट घेऊन गट वस्त्यांत फिरे. निपाणीचे बोलणे, निपाणीचा ठसका, प्रेक्षकही निपाणीचे. चाळीसेक वर्षांनी या चित्रपटांचा जीर्णोद्धार झाला तो बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत.

धडगावच्या त्या तरुणाने अर्ज भरला नाही. रकान्यात लिहायला मी दोन वाक्ये सुचवली होती, ती त्याला आवडली नसावीत. मागच्या दिवाळीत त्याने फोनवर चित्रित केलेले बावीस मिनिटांचे फुटेज पाठवले. बुडालेल्या शेतावरून नाव जाते आहे आणि नावेतली म्हातारी खाली बोट दाखवत पावरीत सांगते आहे, इथे अमक्याचे घर, इथे आंब्याचे झाड. सगळ्यावर वाऱ्याचा आवाज. खाली त्याने लिहिले होते, एक बरा माइक कितीला पडेल, आणि तो भाड्याने कुठे मिळतो का.