मंडईतली संत्री, अंतराळातले गोळे

कोलॉइडल क्रिस्टल समजावताना फळांची रास हमखास पुढे येते. महात्मा फुले मंडईच्या गाळ्यावर संत्री रचलेली असतात, तसेच सिलिकाचे बारीक गोळे पाण्यात थरावर थर लावून बसतात, असं म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो. उपमा अर्धीच खरी आहे. संत्रं आपणहून हलत नाही. गोळा मात्र पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत थरथरतो. 1 मायक्रॉन व्यासाचा सिलिकाचा गोळा या धक्क्यांच्या जोरावर साधारण 0.8 मायक्रॉनच वर उचलला जातो, म्हणजे स्वतःच्या उंचीइतकाही नाही. व्यास निम्मा केला की हाच आकडा आठपट होतो. (गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं आहे.)

उपमेतला खरा कामाचा भाग मात्र कुणी सांगतच नाही. तळाच्या थरात प्रत्येक फळाभोवती सहा फळं लावली, तर वरच्या थराला खळग्यांचे दोन पर्याय मिळतात. तिसऱ्या थरापासून घोळ सुरू: ए-बी-सी हवं तिथे ए-बी-ए येतं. हाच स्टॅकिंग फॉल्ट. दोन्ही रचनांमधला फरक दर गोळ्यामागे औष्णिक ऊर्जेच्या हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे गोळ्याला फारशी पडलेली नसते. तळ चौकोनी मांडला तर खळगे एकाच प्रकारचे, निवडीला वावच नाही. 1997 मध्ये व्हॅन ब्लाडेरन आणि सहकाऱ्यांनी नक्षी कोरलेल्या तळावर गोळे सावकाश बसवून याचाच फायदा घेतला.

आता ते आवडतं वाक्य: 'अंतराळात गुरुत्व नाही, म्हणून स्फटिक निर्दोष.' त्याच वर्षी 'नेचर'मध्ये आलेला झू, चाइकिन वगैरेंचा निबंध मुळातून वाचा. पृथ्वीवर वर्षभरात न गोठलेले नमुने अंतराळात दोन आठवड्यांच्या आत स्फटिक झाले, हे खरं. पण तिथे थरांचा क्रम निव्वळ यादृच्छिक निघाला. पृथ्वीवरच्या नमुन्यांत मात्र ए-बी-सी क्रमाचा काही भाग होता! जपानच्या अत्सुशी मोरी यांच्या सिम्युलेशनमध्ये तर चौकोनी थरांनी वाढणाऱ्या स्फटिकातला तिरका फॉल्ट गुरुत्वाखाली आक्रसतो. सिम्युलेशनची पेटी छोटी असते हे धरूनही मला हा मुद्दा वजनदार वाटतो.

गोळे घाईने खाली बसले तर गुरुत्वच त्यांना वेडेवाकडे अडकवून टाकतं, ही दुसरी बाजू. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये 'गुरुत्वामुळे दोष वाढतात' एवढंच लिहिलंत, तर पहिला प्रश्न ठरलेला: गोळे केवढे, बसले किती वेगाने, आणि तळ कसा होता?